माझ्या स्टिअरिंगमधलं पोतं

मी एक एसयूव्ही बोलतेय. फार मोठी नाही, फार लहान नाही. पाच माणसं ऐसपैस बसतील आणि मागे चार बॅगा राहतील, एवढी. रंग पांढरा. जयपूरच्या उन्हात पांढराच बरा, असं मला बघायला आलेला प्रत्येक जण म्हणायचा. तुम्ही मला पाहिलं असतंत तर तुम्हालाही मी आवडले असते. आज मला नेमकं त्याबद्दलच बोलायचंय.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्र्याला पत्रा जुळला, चाकं आली, काचा आल्या. सगळ्यात शेवटी माझ्या अंगात जागोजागी एअरबॅगा घडी घालून बसवल्या. स्टिअरिंगमधली एअरबॅग ज्या बाईने बसवली, तिने वरचं कव्हर तळहाताने दाबून पाहिलं आणि पुटपुटली, "हिचं काम पडू नये." ती प्रत्येक गाडीला हेच म्हणायची.

माझे पहिले मालक गौरांग माथुर. गोपालपुऱ्यात एका कोचिंग क्लासमध्ये ते फिजिक्स शिकवायचे. बायको अमिता. दोघं आणि मी, असा चार वर्षांचा संसार. गौरांग सरांना धुळीने माखलेल्या माझ्या काचेवर बोटाने गणितं मांडायची सवय होती. दोन वस्तूंची टक्कर झाली की कुणाला किती धक्का बसतो, हे ते मुलांना दोन गोट्या घेऊन समजावायचे. अमिता ओरडायची, की काच पुसा, पुढचं दिसत नाही.

डिसेंबरमधल्या एका सकाळी अजमेर रोडवर धुकं होतं. समोर एक ट्रक बंद पडून उभा होता, मागचे दिवे नसलेला. सरांना तो दिसला तेव्हा ब्रेकला पुरेसा रस्ता उरला नव्हता.

पापणी लवायच्या आत सगळं झालं. माझं बॉनेट दुमडलं, इंजिन मागे सरकलं, काच फुटली. आणि त्याच क्षणी माझ्या पोटातल्या त्या घड्या उलगडल्या. सरांचं डोकं आणि अमिताची छाती त्यांनी झेलली. आवाज एवढा मोठा झाला की नंतरची शांतता मलाच सहन होईना. सरांचा चष्मा हरवला, अमिताचं मनगट मोडलं. बाकी काही नाही. दोघं आपल्या पायांनी उतरली. सर माझ्या मोडक्या बॉनेटवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला लहान मुलासारखे रडले.

मी संपले होते. पण माझं एकमेव खरं काम मी केलं होतं आणि मला त्याचा अभिमान होता.

दुरुस्तीत अर्थ नाही, गाडी मोडीत काढा, असं विमा कंपनीच्या तपासणाऱ्याने सांगितलं. सरांनी अमिताच्या खाटेशेजारी बसून पाच-सहा कागदांवर सह्या केल्या. ते कागद त्यांनी वाचले नाहीत. कोण वाचेल? बायकोच्या हाताचं ऑपरेशन चालू व्हायचं होतं.

मोडीत जायचं म्हणून मी मनाची तयारी केली होती. मला नेलं मात्र शहरापासून लांब एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे माझा पुढचा भाग कापला आणि ठिकठिकाणच्या मेलेल्या गाड्यांचे तुकडे मला जोडले. एकीचं बॉनेट, दुसरीचा दिवा, तिसरीचा पत्रा. जिथे जोड दिसत होते तिथे पुट्टी थापली. वरून पांढरा रंग. मग एकाने माझ्या किलोमीटरच्या आकड्यांत काहीतरी केलं आणि माझ्या आयुष्यातली दोन वर्षं पुसली गेली.

एअरबॅगा एकदा फुटल्या की नव्या घालाव्या लागतात. त्या कुणीच आणल्या नाहीत. स्टिअरिंगमध्ये आता नुसती पोकळी होती. तिथे साखरेच्या जुन्या पोत्याचा एक तुकडा घडी करून कोंबला, म्हणजे वरून दाबलं तर पोकळ लागू नये. वर कोरं करकरीत कव्हर. आणि गाडी सुरू करताना जो छोटा लाल दिवा क्षणभर लागून 'एअरबॅगा ठीक आहेत' असं सांगतो, त्याची वायर कापून टाकली. माझी जीभच कापली म्हणा ना.

मी सुन्न झाले. त्या पोत्यावर एखाद्याचं डोकं आपटणार होतं आणि ते माझ्या हातून होणार होतं.

दोन दलालांच्या हातांतून मी सांगानेर रस्त्यावरच्या पवनजींच्या आवारात आले. जुन्या गाड्या विकणारे पवनजी तसे गोड माणूस. रोज सकाळी सगळ्या गाड्यांना उदबत्ती ओवाळायचे. माझ्या काचेवर त्यांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'फॅमिली यूज, सिंगल ओनर'. त्यात खोटं काहीच नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गजभिये कुटुंब मला बघायला आलं. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावची ही माणसं, रेल्वेच्या बदलीने जयपुरात आलेली, जगतपुऱ्यात एका फ्लॅटमध्ये राहणारी. संग्राम पार्सल ऑफिसात होता. त्याची बायको मयूरी खातीपुऱ्याच्या डेपोत टेक्निशियन, रेल्वेचे डबे तपासणारी. संग्रामची आई इंदुबाई, गुडघ्यांचं ऑपरेशन झालेली. आणि नऊ वर्षांची उत्कर्षा, जिला कुठल्याही गाडीत अर्ध्या तासात उलटी व्हायची.

घरातली ही पहिलीच चारचाकी असणार होती. उन्हाळ्यात हिच्यातूनच पुलगावला जायचं, असं संग्रामने मनात पक्कं केलं होतं. दोन महिने तो मोबाइलवर गाड्यांचे व्हिडिओ बघत होता. कोणत्या गाडीची डिकी केवढी, कोणती खड्ड्यात टेकत नाही, सगळं त्याला तोंडपाठ होतं. मला पाहिलं आणि त्याचा चेहरा फुलला. छताची काच उघडून त्याने मान वर काढली, स्क्रीनवर बोटं फिरवली, डिकीत स्वतःच्या हाताने माप घेतलं.

इंदुबाई तीनदा चढल्या, तीनदा उतरल्या. "हे बरी हाये बाप्पा," त्या म्हणाल्या. "मले पाय उचला नाई लागत."

उत्कर्षाने मागच्या सीटवर बसून एसीची हवा तोंडावर येते का ते पाहिलं आणि निकाल दिला, "मतलब, इथे मला कमी उलटी होईल."

 मयूरी माझ्याभोवती हळूहळू फिरत होती, जशी डेपोत उभ्या असलेल्या डब्याभोवती रोज फिरते. तिथे ती हातोडीने ठोकून लोखंडाचा आवाज ऐकायची. इथे हातोडी नव्हती, म्हणून तिने बोटाचं पेर वाकवून माझ्या अंगावर वाजवायला सुरुवात केली. मागच्या दारावर खणखणीत आवाज आला. पुढच्या काचेच्या खांबाजवळ आला तो मात्र भिजल्या पुठ्ठ्यासारखा, बसका. तिने परत वाजवलं. मी अंगातला सगळा धीर एकवटला. वाजव, मनात म्हटलं, अजून एकदा वाजव.

मग तिने ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला. पट्ट्यावर एका ठिकाणी चकचकीत, घासून वितळल्यासारखा डाग होता. त्या धुक्यातल्या सकाळी गौरांग सरांचं सगळं वजन त्याने धरून ठेवलं होतं. तिने डागावर अंगठा फिरवला आणि पट्टा जाऊ दिला.

संग्रामने चक्कर मारून आणली. तो परत आला तो ठरवूनच. पवनजींनी चहा मागवला होता. मयूरी ड्रायव्हरच्या सीटवर बसली. चावी फिरवली, दिव्यांकडे पाहिलं, बंद केली. परत फिरवली, परत बंद केली. असं पाच वेळा.

"काय झालं?" संग्राम खिडकीशी येऊन म्हणाला. त्याचा आवाज जरा चिडका होता. डेपो घरी आणू नकोस, असं तो तिला नेहमी म्हणायचा.

"अहो, एअरबॅगचा दिवा लागत नाही."

"मग चांगलंच आहे की. लागला तर बिघाड असतो."

"आधी लागून मग विझायला पाहिजे," मयूरी म्हणाली. "जो लागतच नाही, तो दिवा काही सांगतच नाही."

तिने पवनजींना सांगितलं, की स्टिअरिंगचं कव्हर काढून दाखवा. पवनजी हसले. खुशाल काढा म्हणाले, माझ्याकडे लपवाछपवी नसते. त्यांनी स्वतःच मेकॅनिकला हाक मारली. मेकॅनिकने बॅटरीची वायर सोडली, मागून दोन स्क्रू ढिले केले आणि कव्हर उपटलं.

पोत्याची घडी मयूरीच्या मांडीवर पडली. त्यावर साखर कारखान्याची निळी अक्षरं अर्धवट दिसत होती.

 चहावाला ग्लास घेऊन आला आणि तसाच उभा राहिला. संग्रामने पोकळीत हात घालून पाहिला, जणू आत आणखी खोलवर काहीतरी सापडेल.  दहा मिनिटांपूर्वीच्या चकरेत त्याने उत्कर्षाला हट्ट करते म्हणून पुढे बसवलं होतं, ऐंशीच्या वेगात.

"कोनाचा जीव घेनार होती का हे गाडी?" इंदुबाईंनी विचारलं.

माझ्याबद्दल कुणी असं बोलेल, असं मला कधी वाटलं नव्हतं. मी दोन जीव वाचवले होते. पण बाई बरोबर बोलत होत्या.

सगळ्यात मोठा धक्का बसला होता तो पवनजींना. ते मटकन खाली, धुळीतच बसले. चेहरा पांढराफटक. त्यांना खरंच माहीत नव्हतं. गेल्याच गुरुवारी ते मला घेऊन खाटूश्यामला देवदर्शनाला गेले होते. बायको पुढच्या सीटवर आणि सात महिन्यांचं बाळ तिच्या मांडीवर. हे त्यांनीच तुटक तुटक सांगितलं.

मयूरीने त्यांना पाणी दिलं. ज्याच्याकडून घेतली त्याला परत करतो, असं ते म्हणाले, तेव्हा ती म्हणाली, की तो पुन्हा विकेल. हिला कुणाच्याही हातात देऊ नका, मोडीतच काढा. त्यांनी मान हलवली. तिने माझ्या कागदांचा फोटो घेतला. कागदांवर अजूनही गौरांग माथुर हेच नाव होतं. निघताना तिने एकदा मागे वळून पाहिलं. डेपोत खराब डब्यावर खडूने खूण केली की तो रुळावर जाऊच शकत नाही. इथे तशी सोय नव्हती आणि ते तिला बोचत असावं.

पुढचे चार दिवस मी कोपऱ्यात उभी होते. पवनजी माझ्याजवळून जाताना मान फिरवायचे. मला वाटलं, आता सुटका जवळ आली.

पाचव्या दिवशी सकाळी ते एकटेच आले. हातात ती पोत्याची घडी होती. त्यांनी ती झटकली, नीट दुमडली आणि पोकळीत परत बसवली. वर कव्हर लावलं. स्क्रू त्यांनी घट्ट पिळले. मग कपड्याने माझी काच पुसली आणि 'फॅमिली यूज' पुन्हा ठळक करून लिहिलं.

शेडमध्ये मला कापलं तेव्हाही मी एवढी हादरले नव्हते. ती माणसं मला ओळखत नव्हती. पवनजींना सगळं ठाऊक होतं. स्वतःच्या बाळाच्या आठवणीने ते धुळीत बसले होते, आणि पाच दिवसांत उठून उभेही राहिले.

रविवारी एक तरुण जोडपं आलं. बाईला सातवा महिना असावा. नवऱ्याने तिचा हात धरून तिला पुढच्या सीटवर बसवलं. तिने पट्टा ओढला, पोटाखालून सरळ घेतला आणि विचारलं, की हिला एअरबॅगा किती आहेत? पवनजी रस्त्याकडे बघत म्हणाले, सहा.

त्याच वेळी फाटकाशी स्कूटर थांबली. पुढे मयूरी होती. मागून उतरला एक उंच, चष्मा लावलेला माणूस, आणि मी त्यांना ओळखलं. गौरांग सर.

मयूरीला चैन पडलं नव्हतं. कागदांवरच्या पत्त्यावर कुलूप होतं, पण सर गोपालपुऱ्यात शिकवतात एवढं शेजाऱ्यांकडून कळलं, आणि कामावरून सुटल्यावर ती तिथे क्लासामागून क्लास पालथा घालत सरांपर्यंत पोहोचली होती. सरांना आधी ती कुठल्या तरी विद्यार्थ्याची आई वाटली. तुमची गाडी विकायला उभी आहे, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी हसून सांगितलं, की ती गाडी तर मेली. मग तिने फोटो दाखवला. हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

सर माझ्यापासून दोन हातांवर थांबले. नंबर वाचला. परत वाचला. माझ्याभोवती एक फेरी मारली आणि बॉनेटवर हात ठेवला, त्या दिवशी ठेवला होता तसाच. फक्त हे बॉनेट माझं नव्हतं. गेलेलं माणूस समोर चालत यावं आणि त्याच्या हातात सुरा असावा, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"यही है," ते एवढंच म्हणाले.

मयूरी सरळ त्या गरोदर बाईजवळ गेली. ती कोण, काय काम करते, या गाडीत तिला काय सापडलं, हे तिने शांतपणे हिंदीत सांगितलं आणि तिला हात देऊन खाली उतरवलं. बाईच्या नवऱ्याने विश्वास बसेना म्हणून कव्हर काढायला लावलं. पोतं दिसलं. बाई दोन्ही हात पोटावर धरून भिंतीशी जाऊन उभी राहिली. 

पवनजी बोलू लागले. मलाही फसवलं, माझं नुकसान कोण भरणार, मी काय करायला हवं होतं, असं बरंच काही. मयूरीने त्यांना बोलू दिलं. मग ती म्हणाली, "पवनजी, उस दिन आप ज़मीन पर बैठ गए थे. मुझे लगा, आप समझ गए."

 पवनजींनी खिशातून चावी काढून सरांच्या हातात दिली. लाजेने दिली की भीतीने, ते मला अजून कळलेलं नाही. कागदावर मी सरांचीच होते. उद्या माझ्यामुळे कुणी मेलं असतं तर पोलिसांनी पहिल्यांदा त्यांचंच दार ठोठावलं असतं, हेही सरांना त्याच दिवशी समजलं. मी कागद न वाचता सह्या केल्या, असं ते मयूरीला सारखं सांगत होते. ती म्हणाली, की घरचं माणूस खाटेवर असताना मीही वाचले नसते.

सरांनी अर्ज केले, हेलपाटे घातले, माझी नोंदणी रद्द करायला दिली. त्या शेडची तक्रारही केली. चौकशी चालू आहे म्हणतात, अजून कुणी सापडलेलं नाही. पवनजींचं दुकान चालू आहे. गजभियांनी गाडी अजून घेतलेली नाही. आता संग्रामच प्रत्येक ठिकाणी आधी चावी फिरवतो आणि लाल दिवा लागून विझेपर्यंत श्वास रोखून बघतो. छताच्या काचेचं तो विचारतही नाही. पुलगावला यंदा ते रेल्वेनेच जाणार आहेत.

आणि मी शहराबाहेरच्या एका भंगार केंद्रात उभी आहे. मला इथे सोडायला सर आणि मयूरी दोघं आली होती. मयूरी बराच वेळ माझ्या दारावर हात ठेवून उभी होती. "तुझं काम तू केलं होतंस," ती हळूच म्हणाली. मला कुणी एवढं समजून घेईल असं वाटलं नव्हतं. जाताना तिने इथल्या बाबूला बजावलं, की हिच्या चासीवरचा नंबर आधी कापा, माझ्यासमोर कापा. बाबू म्हणाला, मशीन बिघडलंय, दोन-चार दिवसांत करतो.

त्याला तीन आठवडे झाले. मयूरीने दोनदा फोन करून विचारलं. मशीन अजून बंदच आहे.

काल दुपारी एक माणूस आपली जुनी गाडी मोडीत द्यायला आला होता. बाबू कागद शोधत होता तेवढ्यात तो माझ्याजवळ आला. माझ्याभोवती फिरला. दार उघडून आत डोकावला, डिकी पाहिली, सीटवर हात फिरवला. त्याच्या डोळ्यांत तोच आनंद होता, जो मी संग्रामच्या डोळ्यांत पाहिला होता. त्याने बाबूला विचारलं, इतकी चांगली गाडी कापता कशाला, मला द्या की, घरी पाच माणसं आहेत.

बाबूने नाही म्हटलं नाही. "पूछना पड़ेगा," तो म्हणाला.

तेव्हापासून माझ्या जिवाचा थरकाप होतोय. मरणाची भीती नाही मला. जोवर मी अख्खी दिसते, तोवर मी कुणाला तरी आवडत राहणार, ही भीती आहे. तुमच्यापैकी कुणी खातीपुऱ्याच्या बाजूला जाणार असेल, तर डेपोत मयूरी गजभियेला एवढं सांगा: तिसरा फोन करू नकोस, स्वतः ये. आजच ये.